ऐरण तेवढी बाहेर काढायची राहिली

पेटीवाल्याच्या पायाला त्या दिवसांत भिंगरी लागली होती. एरवी हा माणूस सकाळी ऐरणीसमोर बसला की जेवणाची हाक येईपर्यंत जागचा हलायचा नाही. गिऱ्हाईक आलं तरी मान वर न करता बोलायचा, आणि कुणी फारच भाव पाडून मागितला तर तोंडानं नाही म्हणायच्या ऐवजी पत्र्यावर हातोडी जरा जोरात मारायचा. आता मात्र दोन घाव घातले की उठायचा, दारापर्यंत जायचा, रस्ता बघायचा, परत यायचा आणि कातर कुठं ठेवली म्हणून शोधत बसायचा. कातर बहुतेक वेळा त्याच्याच हातात असायची.

कारण असं की त्यानं घर देऊन टाकलं होतं. निदान तोंडानं तरी दिलं होतं. देऊन टाकलं की माणसाला हलकं वाटतं असं म्हणतात. असं म्हणणाऱ्यांनी बहुधा कधी घर दिलेलं नसतं.

घर म्हणजे खाली पेट्यांचं दुकान, वर दोन खोल्या आणि एक अरुंद सज्जा. बापाकडून त्याला हातोडीशिवाय काही मिळालं नव्हतं. हे सगळं त्यानं पत्र्याच्या पेट्या ठोकून उभं केलं होतं. पेटीचा काठ दुमडताना आत तार घालायची ही त्याची पद्धत. तार दिसत नाही, पण तिच्यामुळं पेटी वीस माणसांनी उचलली, आपटली तरी तोंड वाकडं करत नाही. आजकाल कोण घालतं तार? असं तो विचारायचा, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगायचा, की कोणी नाही.

मुलं तीन. थोरली मुलगी पलीकडच्या वस्तीत नांदत होती, नवरा बसवर वाहक. लग्नाआधी तयार पेट्यांवर फुलं काढायचं काम तिचं होतं. शाळेतून आली की दप्तर टाकून ब्रश घ्यायची. लोक 'फुलांची पेटी' म्हणून लांबून विचारत यायचे. ती गेली आणि फुलंही गेली. आता पेट्या नुसत्या एकरंगी. मधला मुलगा शिकला आणि दुसऱ्या शहरात इस्पितळाच्या प्रयोगशाळेत लागला. धाकटा मात्र बापाच्या डाव्या हाताला बसून पत्रा कापायला शिकला, आणि तिथंच राहिला.

पेटीवाल्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं, की आपण गेल्यावर दुकानाच्या वाटण्या होता कामा नयेत. दुकानाच्या मधोमध भिंत घालून अर्ध्यात कोणी पेटी ठोकू शकत नाही, लांब पत्रा वळवायला जागाच उरत नाही. मग एका जुम्म्याला जेवताना त्यानं पाणी प्यायलं, पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "हे घर, वर-खाली सगळं, मी धाकट्याला दिलं."

धाकट्याचा घास हातातच राहिला. त्याच्या अम्मीनं मात्र लगेच आणखी भाजी वाढली. ती खूप दिवस याच वाक्याची वाट बघत होती. जो जवळ आहे तोच म्हातारपणी बघणार, असा तिचा सरळ हिशेब. आणि पुढं भांडणं नकोत म्हणून तिनंच सुचवलं, "साक्षीदार चांगला घ्या. इमामसाहेबांनाच घ्या. त्यांच्या शब्दापुढं कोणी बोलणार नाही."

झालं. इथंच माशी शिंकली.

इमामसाहेब पेटीवाल्यापेक्षा वयानं बरेच लहान. मशिदीत अस्रच्या, दुपार कलल्यावरच्या नमाजानंतर हातपाय धुवायच्या वजूच्या जागी बाह्या वर सारून गळका नळ दुरुस्त करत बसले होते. पेटीवाल्यानं सवयीप्रमाणं आधी वॉशर बघितला, मग ख्यालीखुशाली विचारली.

"एका कामाला साक्षीदार म्हणून या," तो म्हणाला.

"येतो की. लग्न कुणाचं?"

"लग्न नाही. घर देतोय, धाकट्याला. हयातीतच हिबा, बक्षीस करून टाकतो."

"मोठं मन लागतं," इमामसाहेब म्हणाले. नळ पिळता पिळता, तब्येत कशी आहे असं विचारावं तशा आवाजात त्यांनी पुढं विचारलं, "बाकी दोघांना काय दिलंत?"

पेटीवाल्यानं वॉशर पुन्हा उचलून बघितला. मग घसा खाकरून म्हणाला, "मधल्याला शिकवलं. थोरलीला लग्नात दिलं."

"काय दिलं?"

"पेटी दिली. सगळ्यांत मोठी."

आपलंच बोलणं आपल्याच कानाला कसंतरी लागलं, म्हणून त्यानं घाईनं जोडलं, "इमामसाहेब, हाताची पाचही बोटं सारखी नसतात."

इमामसाहेबांनी त्याच्या हाताकडं बघितलं. आयुष्यभर पत्र्याशी खेळलेला हात. एकही बोट असं नव्हतं की ज्यावर जुना व्रण नाही. "नसतात," ते म्हणाले. "पण यातलं कोणतं कापलं तेव्हा दुखलं नाही?"

मग नळ सोडून ते पायरीवर बसले. "तुम्हाला ठाऊकच असेल. पैगंबरसाहेबांच्या एका सोबत्यांनी, एका सहाबींनी, आपल्या एका मुलाला बक्षीस दिलं. मुलाची आई म्हणाली, पैगंबरसाहेबांना साक्षीला घ्या, तरच मला पटेल. ते गेले. हुजूरनी एवढंच विचारलं, सगळ्या मुलांना असंच दिलंस का? नाही म्हणाले. तेव्हा हुजूर म्हणाले, अल्लाहला भ्या, आपल्या मुलांमध्ये इन्साफ करा, मला जुलमावर साक्षीदार करू नका. ते बाप तसेच घरी गेले आणि दिलेलं परत घेतलं. आता जिथं ते साक्षीला उभे राहिले नाहीत, तिथं मी कसा राहू?"

"पण धाकटा माझ्याबरोबर राबलाय. त्याला मी कधी रोजी दिली नाही."

"मग ते त्याचं देणं आहे, बक्षीस नाही. कष्टाचं ज्याचं त्याला आधी द्या, ते कोण अडवतंय? उरेल ते बक्षीस. ते वाटताना तिघांकडं बघा."

"मुलीलासुद्धा? तिला तर मुलाच्या अर्धा वाटा असतो."

"तो वारसा, मेल्यानंतरचा. जिवंतपणी वाटताना काही जण तेच माप लावतात, पण माझ्या उस्तादांनी मुलगा-मुलगी सारखं शिकवलं, आणि बहुतेकांचं मत तेच." इमामसाहेब उठले. "शिवाय अजून तुम्ही दिलेलंही नाही, पेटीवाले. नुसतं दिलं म्हणून हिबा होत नाही, ताबा द्यावा लागतो. तुमचं सामान आत, तुम्ही आत, तुमची ऐरण आत. मग त्याला काय मिळालं? नुसता शब्द."

हे शेवटचं त्यांनी पेटीवाल्याला वाट मोकळी राहावी म्हणून सांगितलं होतं. पण पेटीवाला जातीचा हट्टी. त्यानं नेमकं उलटं घेतलं. साक्षीला येत नाही? नका येऊ. ताबाच द्यायचा ना? देतो. एक घाव दोन तुकडे.

घरी येऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं. सहाबींच्या गोष्टीतही साक्षीदार मुलाच्या आईनंच मागितला होता, हे ऐकून ती क्षणभर चपापली. पण क्षणभरच. "त्यांना नसेल यायचं तर दुसरा बघा," ती म्हणाली. "शेजारचा कुलूपवाला कुठं मेलाय?"

कुलूपवाला एका पायावर तयार झाला. सामान ठेवायला त्यानं मागची खोलीही देऊ केली. म्हणजे आधी सगळं बाहेर काढायचं, रिकामं घर धाकट्याच्या हाती द्यायचं, त्याच्याकडं किल्ली द्यायची, आणि मग तो म्हणेल तेव्हा सामान परत आणायचं, असा बेत ठरला.

दुसऱ्या दिवसापासून पेटीवाल्यानं स्वतःचं घर उपसायला घेतलं. आधी वरचं: अंथरूण, कोट, नमाजची चटई, औषधाच्या बाटल्या. मग खालचं: कातरी, कानशी, लाकडी मोगऱ्या, रिवेटचे डबे, बिजागऱ्या. खरं तर हे दुपारपर्यंत संपणारं काम. पण तो एक वस्तू नेऊन ठेवायचा आणि दुसरी परत घेऊन यायचा. कानस नेली, तर वाटेत आठवलं, की हिनं मधल्याच्या खेळण्यातल्या गाडीची चाकं घासून दिली होती. परत आणली. मग स्वतःवरच चिडून पुन्हा नेली. रंगाच्या डब्यांमागं एक ब्रश सापडला, केस झडलेला, दांड्याला दातांच्या खुणा. फूल काढताना थोरलीला ब्रश चावायची सवय होती. तो ब्रश त्यानं कुठंच ठेवला नाही, सदऱ्याच्या खिशात घातला, आणि दिवसभर तो त्याला बरगडीवर टोचत राहिला.

टोचत आणखीही काही होतं. धाकट्याचे कष्ट हे देणं, बरोबर. धाकटा राबला, खरंच राबला. मग जिची फुलं बघून लोक लांबून यायचे, ती काय खेळत होती? हा विचार आला की पेटीवाला उठायचा आणि काहीतरी उचलायचा. मधला शिकला खरा, पण शिष्यवृत्तीवर शिकला. बापानं फक्त जायच्या दिवशी पेटी दिली. इथंही पेटीच. आपण आयुष्यात पोरांना पेट्यांशिवाय काही दिलं की नाही, असा प्रश्न त्याला पडला आणि त्याला स्वतःचाच राग आला.

धाकटा हे सगळं बघत होता. "अब्बा, कशाला हलवताय? तुम्ही कुठं जाणार आहात का?"

"कुठं नाही. रिकामं द्यावं लागतं."

"आपाला सांगितलंय?" त्यानं थोरल्या बहिणीबद्दल विचारलं.

"तुला काय करायचंय?"

धाकट्यानं पुन्हा विचारलं नाही. घर त्यालाही हवं होतं. नको म्हणण्याइतका तो साधू नव्हता. दुकानात लोखंडी कपाटं ठेवायची असं त्याच्या मनात होतं, आणि त्यात काही पाप नाही. पण दोन दिवस त्याला जेवण जात नव्हतं, आणि अम्मी त्याला उगाच वाढत होती.

इकडं कुलूपवाला. आयुष्यभर कुलपं विकली, पण स्वतःच्या तोंडाला कधी लावलं नाही. त्यानं चहाच्या टपरीवर एवढंच सांगितलं, की पेटीवाल्याचं सामान माझ्याकडं आलंय. पुढचं रस्त्यानं आपोआप जोडून घेतलं. धाकट्यानं बापाला बाहेर काढलं. अंथरुणासकट काढलं. म्हातारा औषधाच्या बाटल्या घेऊन रडत होता. थोरलीच्या नवऱ्याच्या, बसवाहकाच्या कानावर पडेपर्यंत पेटीवाल्याला दोनदा मारहाणही झालेली होती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फक्त ऐरण उरली. लाकडी ओंडक्यात पक्की बसवलेली, एकट्यानं हलणारी नव्हे. धाकट्यानं एक बाजू धरली, पेटीवाल्यानं दुसरी, आणि सरकवत सरकवत ती उंबरठ्यापर्यंत आणली. तिथं पेटीवाल्याला धाप लागली. तो ऐरणीवरच टेकला. कुलूपवाला साक्षीदार म्हणून चांगला सदरा घालून समोर उभा होता.

तेवढ्यात रस्त्यानं हातगाडीचा खडखडाट आला. गाडी थोरली स्वतः ढकलत होती, पदर कमरेला खोचून, घामाघूम. गाडीवर एक पेटी. हिरवी, काठावर फुलं, कोपऱ्यात जरा चेपलेली. पेटीवाल्यानं ती लांबूनच ओळखली. आपली पेटी तो अंधारात हात फिरवूनही ओळखायचा.

तिनं गाडी थांबवली आणि भावाकडं ढुंकूनही न बघता बापाला म्हणाली, "चला अब्बा."

"कुठं?"

"माझ्याकडं. अम्मीलाही बोलवा. खोली दीडच आहे, पण तुम्ही दोघं आतल्या खोलीत, आम्ही बाहेर. मी जावयाशी बोलले तुमच्या." तिनं पेटीचं झाकण उघडून दाखवलं. आत काही नव्हतं, नुसता खालचा पत्रा चमकत होता. "ही मोकळी केलीय. तुमचे कपडे यात घालू. हत्यारं गाडीवर. आणि तू," आता ती भावाकडं वळली, "तू जिभेला हाड नसल्यासारखा बापाशी काय बोललास ते मला ऐकायचंही नाही. एवढं लहानाचं मोठं केलं त्यांनी, ते बाहेर काढायला?"

धाकट्याचं तोंड उघडं राहिलं. कुलूपवाल्याला एकाएकी दुकान उघडं टाकून आल्याचं आठवलं आणि तो निघून गेला.

"आपा, मी नाही काढलं," धाकटा म्हणाला. "अब्बाच काढतायत."

"स्वतःचं सामान स्वतः? का?"

धाकट्यानं बापाकडं बघितलं. हे मी सांगणार नाही, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट होतं. मग पेटीवाल्यालाच बोलावं लागलं. इमामसाहेबांना सांगताना त्याला घसा खाकरावा लागला होता. इथं तो उंबरठ्याकडं बघत बोलला.

"घर धाकट्याला दिलंय," तो म्हणाला. "सगळं. ताबा द्यायचा तर आधी रिकामं करावं लागतं. म्हणून."

थोरलीनं गाडीची दांडी सोडली. मग ती गाडीच्या काठावर, मोकळ्या पेटीशेजारी बसली आणि तिनं पदरानं तोंड पुसलं.

"म्हणजे यानं नाही काढलं तुम्हाला?"

"नाही."

"अल्लाहचे उपकार," ती म्हणाली, आणि खरंच तिचे खांदे सैल झाले. "मी वाटेत याला काय काय बोलत आले माहितीये? घर ते घर, जातं येतं. पण भावानं बापाला काढलं म्हणून मी कुणाला तोंड दाखवलं असतं?" भावाकडं बघून ती जराशी हसली. "माफ कर रे."

पेटीवाल्याला वाटलं होतं, ती भांडेल. भांडली असती तर त्याच्याकडं उत्तरं तयार होती; चार दिवस तो तीच घडवत होता. शिक्षण, लग्न, पाच बोटं. पण तिनं आधी त्याच्या म्हातारपणाची चिंता केली आणि मग भावाची माफी मागितली, आणि त्याची सगळी उत्तरं जागच्या जागी निकामी झाली.

मग तिनं विचारलं, "मला कधी सांगणार होता?"

ती रागावली नव्हती, तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. पेटीवाल्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्याला कळलं, की तिला सांगायचं हे त्यानं ठरवलंच नव्हतं. मधल्याला एकदा फोनवर सांगावं लागेल एवढं डोक्यात होतं. तिला सांगायची गरज पडेल असं त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. पेटी दिली होती ना. तीच पेटी समोर उघडी होती, त्याच्यासाठी रिकामी केलेली. दीड खोलीच्या संसारातलं यातलं सामान हिनं कुठं काढून ठेवलं असेल? जमिनीवर, आणखी कुठं.

त्याला लाज वाटली. भर रस्त्यावर, ऐरणीवर बसून, पोरीच्या समोर. त्यानं खिशातला ब्रश काढला आणि तिच्या हातात दिला. तिनं दांड्यावरच्या खुणा बघितल्या, ओळखल्या, आणि त्यांवरून अंगठा फिरवला.

पेटीवाला उठला. "धर रे ओंडका," त्यानं धाकट्याला सांगितलं.

धाकट्यानं बाहेरच्या अंगानं हात घातला.

"तिकडून नाही. आतून धर. आत घ्यायचीय."

धाकटा वाकलेलाच थांबला. त्यानं बापाकडं बघितलं, मग बहिणीकडं. लोखंडी कपाटांचं त्याचं दुकान डोळ्यांसमोरून गेलं असणार. जाऊ नये असं म्हणणारे आपण कोण? पण तो उंबरठा ओलांडून आत गेला आणि त्यानं दोन्ही हातांनी आपल्याकडं ओढ घेतली. थोरलीनं ब्रश कमरेला खोचला आणि मागून खांदा लावला. तिघांनी मिळून ऐरण तिच्या जागेवर, फरशीवर पडलेल्या जुन्या खळग्यात, पुन्हा बसवली.

"मधल्याला फोन लाव," पेटीवाला धापा टाकत म्हणाला. "सुट्टी काढून ये म्हणावं. तुझे कष्ट आधी वेगळे काढू, त्याला मी चुकणार नाही. हिचेही काढू. उरेल ते तिघं समोर बसा, मग मी तोंड उघडतो."

"दुकानाच्या मधोमध भिंत?" धाकट्यानं हळूच विचारलं.

"भिंत कशाला? दुकान तू चालव. वरच्या खोल्या आहेत, तुमची डोकी आहेत. बसून बघू. आणि ती पेटी उतरव गाडीवरून. कोपरा चेपलाय, सरळ करून देतो."

सज्ज्यातून अम्मीनं वाकून बघितलं. खाली हातगाडी, थोरली, उघडी पेटी. कुलूपवाला कुठंच नाही. तिला काही उमजेना.

"अहो, झालं का सगळं बाहेर?"

"नाही," पेटीवाल्यानं खालून उत्तर दिलं. तो ऐरणीसमोर बसला होता आणि पेटीचा चेपलेला कोपरा तिच्यावर टेकवून हातोडी शोधत होता. हातोडी कुलूपवाल्याकडं गेलेली होती. "ऐरण आतच राहिली. थोरली आलीय, तिला चहा टाक."